जपून ठेवलेला गुडघा

अलका टेंभेकरांना चहाला बोलवायचं म्हटलं की भोपाळच्या बाग सेवनियातल्या लोकांच्या मनात थोडी धाकधूक असायची. बाई बोलायला मनमोकळ्या, खाण्यापिण्याला नावं न ठेवणाऱ्या, पण त्यांची नजर भारी. चहाचा कप हातात आला की डोळे घरभर फिरायला लागायचे आणि मग अगदी सहज एखादं वाक्य यायचं. "तुमच्या गॅलरीचा कठडा खालून गंजलाय हं. एखाद-दुसरा पावसाळा काढेल, पुढचं मी सांगत नाही." यजमानांच्या घशात पोहे अडकायचे. शेजारच्या शकुंतलाबाईंनी नवा गीझर बसवला तेव्हा अलकाताईंना कितीतरी दिवस न्हाणीघराच्या बाजूला फिरकूसुद्धा दिलं नव्हतं.

पण ह्यात त्यांचा तरी काय दोष? उभी नोकरी त्यांनी हेच केलं होतं. नागपूरची राजधानी गेली आणि सरकारी कचेऱ्या भोपाळला आल्या, तेव्हा फायलींच्या मागोमाग त्यांचे वडीलही आले. अलकाताई इथेच जन्मल्या, इथेच शिकल्या, आणि वर्गात मुली बोटावर मोजण्याइतक्या असताना धातुशास्त्राच्या इंजिनिअर झाल्या. मग एका सरकारी कंपनीच्या तपासणी विभागात लागल्या त्या निवृत्त होईपर्यंत तिथेच. त्यांच्या विभागाचं काम एकच. जुन्या वीज केंद्रांमधले बॉयलर, वाफेचे पाइप, टर्बाइन तपासायचे आणि सांगायचं, ह्याचं आयुष्य अजून किती उरलंय.

लोकांना वाटतं पोलाद म्हणजे पोलाद, त्याला काय धाड भरलीय. पण पोलादही थकतं. वर्षानुवर्षं उष्णता आणि दाब सोसून त्याच्या कणांच्या सांध्यांमध्ये बारीक पोकळ्या पडायला लागतात. वरून पाइप ठणठणीत दिसतो आणि आतून पोखरत जातो. अलकाताई त्या पाइपावरची नाण्याएवढी जागा घासूनपुसून लख्ख करायच्या, त्यावर पातळ फिल्म दाबून तिचा ठसा घ्यायच्या आणि तो सूक्ष्मदर्शकाखाली धरायच्या. पोकळ्या सुट्या सुट्या आहेत की हातात हात घालून उभ्या आहेत, ह्यावर त्या पाइपाचं भविष्य ठरायचं.

एकदा कोळशाच्या पट्ट्यातल्या एका केंद्रात वीज तयार करणारा जुना संच बंद करायचा घाट घातला गेला होता. पंचवीस वर्षांसाठी बांधलेला, पंचवीस वर्षं झालेली. निरोपाचा समारंभ ठरला, हारसुद्धा सांगून झाले. अलकाताई पोचल्या त्या थेट साहेबांच्या खोलीत. "पंचवीस वर्षं ही बनवणाऱ्याने दिलेली हमी असते," त्या म्हणाल्या. "मरणाची तारीख नसते ती. त्या दिवशी हार घालायचे नसतात, उघडून बघायचं असतं." मग डोक्यावर हेल्मेट, हातात बॅटरी, आणि बाई बॉयलरच्या झरोक्यातून आत. बाहेर आल्या तेव्हा नाकाच्या शेंड्यापासून बुटापर्यंत काजळी होती आणि चेहरा हसरा होता. एक भाग बदलायला सांगितला, बाकीच्याला दहा वर्षं दिली. तो संच त्याहूनही जास्त चालला. कारण अलकाताईंचा एक नेम होता. यंत्राचं आयुष्य जेवढं वाटतं त्याहून थोडं कमीच सांगायचं आणि त्याच्यावर पडणारा भार वाटतो त्याहून थोडा जास्त धरायचा. चूक झालीच तर ती सुरक्षित बाजूला व्हावी. त्यांच्या हातचा एकही पाइप कधी फुटला नाही, आणि ह्याचा त्यांना रास्त अभिमान होता.

तर अशा ह्या बाईंचा उजवा गुडघा बिघडला.

पहिल्यांदा दुखला तेव्हा निवृत्ती जवळ आली होती. डॉक्टर वरुण मोहरील वयाने तरुण, मूळचे नागपूरचे, त्यामुळे ओळख न काढताच ओळख निघालेली. फोटो बघून ते म्हणाले, "काकू, झीज आहे, पण आत्ता लगेच बदलायलाच हवा असं नाही. अजून थोडं थांबता येईल." त्या वेळेला ते बरोबरच होतं. गोची अशी झाली, की अलकाताईंनी त्यातला 'थांबता येईल' एवढाच भाग घरी नेला. पुढे गुडघा कुरकुरायला लागला, मग रडवायला लागला, पाय बाहेरच्या बाजूला वाकायला लागला. डॉक्टरांनी सांगितलं, आता करून टाका. तेव्हा अलकाताईंनी पर्समधून चष्मा काढला आणि चौकशी सुरू केली.

"नवा गुडघा किती वर्षं टिकतो?"

"पंधरा-वीस वर्षं आरामात. हल्ली तर त्याहूनही जास्त चालतात."

"पंधरा धरू."

"वीस धरा हो काकू."

"तुमचं हे 'आरामात' मी फार ऐकलंय डॉक्टर. बॉयलर विकणारे पण हेच म्हणतात. पंधराच. आणि तो झिजला तर पुन्हा उघडून दुसरा बसवायचा, ते पहिल्यापेक्षा अवघड. तुम्हीच म्हणालात ना?"

डॉक्टरांना 'हो' म्हणावं लागलं.

"माझ्या आईकडचं कुणीही अठ्ठ्याऐंशीच्या आत गेलेलं नाही. म्हणजे माझे अठ्ठ्याऐंशी धरायला हरकत नाही. त्यातून पंधरा वजा. त्र्याहत्तर. त्र्याहत्तराव्या वर्षी मी येते. म्हणजे गुडघा आणि मी बरोबरच निवृत्त होऊ."

डॉक्टर मोठ्याने हसले. समोरची व्यक्ती हसत नाहीये हे त्यांच्या जरा उशिरा लक्षात आलं. अलकाताईंचं वय तेव्हा साठीच्या आसपास होतं. म्हणजे बाई दहा-बारा वर्षं हा पाय ओढत काढायला तयार होत्या, कारण गणित तसं सांगत होतं. आणि गणित त्यांच्या नेमाप्रमाणे अगदी सुरक्षित होतं. गुडघ्याचं आयुष्य कमीत कमी धरलेलं, स्वतःचं जास्तीत जास्त. कुणी बोट ठेवावं अशी जागाच नव्हती.

तोवर करायचं काय, तर आहे तो गुडघा जपायचा. वापर कमी, झीज कमी. गच्चीवरच्या कुंड्या शकुंतलाबाईंकडे गेल्या. भाजी दारावरच्या ठेल्यावरून यायला लागली. लग्नाचं आमंत्रण आलं की आधी प्रश्न, हॉल खाली आहे की वर? आणि संध्याकाळचं फिरणं बंद झालं.

आता हे फिरणं काय होतं ते सांगायला हवं, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल, एवढं काय त्यात. अलकाताईंचे यजमान अरविंदराव हे सिंचन खात्यात होते. उंच, सडपातळ, आणि घरात तोंड न उघडणारे. लग्न झालं तेव्हा सरकारी क्वार्टरच्या दोन खोल्यांत सासू-सासरे, दोन दीर आणि हे दोघं. नवराबायकोला बोलायचं तर बोलणार कुठे? मग अरविंदराव स्कूटर काढायचे आणि दोघं शाहपुरा तलावावर जायचे. तिथे पाय चालायला लागले की अरविंदरावांची जीभ सुटायची. एरवी 'हं' आणि 'बघू' ह्यापलीकडे न जाणारा माणूस तलावाच्या काठाने चालताना धरणांबद्दल बोलायचा, भावांबद्दल बोलायचा, भीती वाटते कशाकशाची तेही सांगायचा. मुलीचं नाव केतकी ठेवायचं, हे तिथेच ठरलं. बाग सेवनियात घर बांधायचं, तेही तिथेच. दीर वेगळे झाले, सासू-सासरे गेले, घरात खोल्याच खोल्या झाल्या, तरी बोलायला ते दोघं तलावावरच जायचे. घरात बोलायची सवयच लागली नव्हती.

फिरणं थांबल्यावर अरविंदराव सुरुवातीला एकटे जात. आल्यावर सांगायचा प्रयत्न करत, आज पाण्यावर बदकं होती, आज अमुक भेटला. पण सोफ्यावर बसून त्यांना जमायचं नाही, दोन वाक्यांत गाडी थांबायची. मग ते तलावावर जायचे बंद झाले. कोपऱ्यावरच्या सांची दुधाच्या दुकानापर्यंत जायचे, पिशवी घेऊन परत. घरात गॅस, गोळ्या आणि वीजबिल एवढ्याच विषयांवर संभाषण उरलं. अलकाताईंना हे दिसत होतं. त्यांना वाईट वाटत नव्हतं असंही नाही. पण त्र्याहत्तराव्या वर्षी सगळं सुरळीत होणारच आहे, अशी त्यांची स्वतःशी समजूत होती.

अशात एका सकाळी सौरभचा फोन आला. सौरभ हा पूर्वी त्यांच्या हाताखाली शिकलेला, आता स्वतःची तपासणीची कंपनी चालवणारा. भोपाळमध्येच वाढलेला, त्यामुळे मराठीत सुरू झालेलं वाक्य हिंदीत उतरायचं.

"मॅडम, मंडीदीपला एका फॅक्टरीत पंपाची केस आहे. बिलकुल नया पंप है, चला ही नहीं, आणि बेअरिंग गेलं. मला समजलंय काय झालंय ते, पण मॅनेजर ऐकत नाही. तुम्ही एकदा सांगितलं ना, तो मान जाएगा."

"जिने आहेत का?"

"नाही मॅडम, सगळं खाली आहे."

अलकाताईंच्या अंगात एकदम हुरूप आला. अरविंदरावांनी गाडी काढली.

कारखाना छोटा होता. पाणी चढवायला तिथे दोन पंप शेजारी शेजारी बसवलेले. एक रोज चालणारा. दुसरा राखीव, पहिला बंद पडला तर लागेल म्हणून ठेवलेला. मॅनेजर विक्रांत सक्सेना गोरेपान, घुश्शात असलेले. राखीव पंपावर त्यांचा भारी जीव. त्याच्यावर प्लास्टिकची चादर, चादरीवर धूळ दिसली तर कामगारांना ओरडा. आणि ह्याच पंपाने दगा दिला होता. पहिला दुरुस्तीला काढला, हा सुरू केला, तर आधी घरघर, मग किंचाळणं, आणि थोड्याच वेळात ठप्प.

"डिफेक्टिव माल भेजा है, और क्या!" सक्सेना म्हणाले. "पाँच साल से बच्चे की तरह रखा है मैंने इसको. एक दिन नहीं चलाया."

अलकाताई स्टुलावर बसल्या. सौरभने बेअरिंग उघडून त्याची कडी त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती खिडकीच्या उजेडात धरली, बोट फिरवलं आणि मान हलवली. कडीच्या आतल्या बाजूला बारीक खळगे पडले होते, सारख्या अंतरावर, जिथे जिथे बेअरिंगमधली एकेक गोळी उभी होती तिथे तिथे.

"माल खराब नहीं था, सक्सेनाजी," त्या म्हणाल्या. "आपने इसको सँभाल सँभालके मारा है."

सक्सेनांचा चेहरा बघण्यासारखा झाला.

"हाथ रखिए ज़मीन पर. रखिए ना." सक्सेनांनी वाकून फरशीला हात लावला. पलीकडचा, दुरुस्त होऊन आलेला पंप चालू होता आणि फरशी थरथरत होती. "बाजूवाला चलता है तो ये भी काँपता है. दिन-रात. गोली एक ही जगह खड़ी है, ग्रीस दबके निकल गया, और वो बैठी बैठी एक ही जगह पे ठोकती रही. चलता तो घूमती, तेल सब तरफ फिरता, कुछ नहीं होता. बाजूवाला देखिए, रोज चलता है. उसका बेअरिंग कैसा निकला, सौरभ?"

"उमर के हिसाब से एकदम बढ़िया, मॅडम."

"पर मैंने तो इसकी लाइफ बचाके रखी थी," सक्सेना म्हणाले. त्यांचा आवाज आता उतरला होता, आणि बिचाऱ्याच्या डोळ्यांत खरोखरच दुःख होतं.

"लाइफ ऐसे नहीं बचती. खड़े खड़े भी घिसती है, बस दिखता नहीं. आप सोचते रहे, जब ज़रूरत पड़ेगी तब नया का नया मिलेगा. नहीं मिलता. इसको चलाना था. एक हफ़्ता ये, एक हफ़्ता वो."

बोलताना बाई रंगात आल्या होत्या. जुना आवाज, जुना रुबाब. सौरभ कौतुकाने बघत होता. आणि मागे प्लास्टिकच्या खुर्चीवर, मांडीवर चहाचा थर्मास घेऊन बसलेले अरविंदराव एकदम उठले, थर्मासचं झाकण घट्ट लावलं आणि बाहेर गाडीकडे निघून गेले. बोलणं संपवून अलकाताई स्टुलावरून उठायला गेल्या तर गुडघा अडकला. सौरभने हात दिला तेव्हा कुठे उभं राहता आलं.

परतताना, मिसरोदच्या अलीकडे अरविंदरावांनी गाडी चहाच्या टपरीपाशी घेतली. थर्मासात चहा होता. अलकाताईंनी तसं म्हटलंसुद्धा. पण ते उतरले नाहीत की काच खाली करून चहाही मागितला नाही. स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून समोर बघत राहिले.

"अलका, आत तू काय बोललीस, ते तुझं तुला ऐकू आलं का?"

"म्हणजे? बेअरिंगचं?"

"हो. बेअरिंगचंच."

अलकाताईंच्या डोक्यात प्रकाश पडला. प्रकाश पडला आणि पाठोपाठ पाराही चढला. "अहो, गुडघा म्हणजे काय पंप आहे? त्याचं गणित वेगळं असतं. मी नीट केलंय ते."

"मला माहितीये. तुझं गणित चुकलेलं मी कधी पाहिलं नाही. गुडघा पंधरा, तू अठ्ठ्याऐंशी. सगळं बरोबर आहे." अरविंदराव थांबले. गाडीत बसून एवढं सलग बोलायची त्यांना सवय नव्हती. "फक्त त्यात मी कुठे आहे?"

अलकाताई पर्सची चेन उघडबंद करायला लागल्या.

"तू त्र्याहत्तरची होशील तेव्हा मी ऐंशीचा. तुझा नवा कोरा गुडघा येईल, आणि तुझ्याबरोबर चालायला कोण येईल? शकुंतलाबाई?"

"काहीतरीच काय बोलता."

"मला घरात बोलता येत नाही गं," ते म्हणाले. "कधीच नाही आलं. तुला माहितीये. मला तुझ्याशी किती बोलायचं असतं, आणि मी सांचीच्या दुकानात जाऊन परत येतो."

नंतर त्यांनी गाडी सुरू केली.

पुढचे काही दिवस अलकाताई घरात भांडी आपटत होत्या. आधी नवऱ्यावर राग, चारचौघांत नाही पण टपरीसमोर का होईना आपल्याला आपल्याच शब्दांत पकडलं म्हणून. मग सौरभवर, उगीचच फोन केला म्हणून. शेवटी राग फिरून फिरून जिथे यायचा तिथे आला. अरविंदरावांचे वडील सत्तरीच्या पुढे फार गेले नव्हते, हे काय त्यांना माहीत नव्हतं? सासऱ्यांचं सगळं त्यांनीच तर केलं होतं. पण तो आकडा त्यांनी कधी हातातच घेतला नव्हता. आईकडची माणसं मोजली, गुडघा मोजला, आणि शेजारी झोपणारा माणूस मोजायचा राहिला. राहिला कसला, भीतीने टाळला. दुसऱ्या कुणी असा एक भाग सोडून उरलेल्याची तपासणी केली असती, तर त्या अहवालावर अलकाताईंनी सही केली नसती आणि वर चार शब्द सुनावले असते. हे उमगलं तेव्हा त्या स्वयंपाकघरात कणीक मळत होत्या. मळता मळता त्यांना रडू आलं, आणि अरविंदराव बाहेर पेपर वाचत होते म्हणून त्यांनी ते आवाज न करता रडून घेतलं.

डॉक्टर मोहरील त्यांना बघून चकितच झाले. "काकू, तुम्ही तर त्र्याहत्तरला येणार होता. काय झालं, दहा वर्षं आधी?"

"गणितात एक भाग धरायचा राहिला होता."

"कुठला?"

"तो काय, बाहेर बसलाय. पेपर वाचतोय."

डॉक्टरांनी दारातून बाहेर डोकावून बघितलं आणि ह्या वेळी ते हसले नाहीत. पायाचे स्नायू फार उतरलेत, असं मात्र त्यांनी सांगितलं. वापर कमी केल्याने गुडघा काही वाचला नव्हता, मांडी मात्र वाळली होती आणि दुसऱ्या पायावर, कमरेवर सगळा भार आला होता. अलकाताईंनी मान खाली घालून ऐकून घेतलं. असं ऐकून घेताना त्यांना आजवर कुणी पाहिलं नव्हतं.

ऑपरेशन झालं. केतकी इंदूरहून येऊन राहिली. दुसऱ्याच दिवशी वॉकर धरून उभं केलं तेव्हा अलकाताईंनी जे शब्द वापरले ते त्या कुठे शिकल्या असतील ह्याचा केतकी अजून विचार करतेय. व्यायाम घ्यायला जुई नावाची एक किरकोळ अंगाची मुलगी यायची. दिसायला अशी, की फुंकर मारली तर उडेल, आणि गुडघा वाकवायला बसली की दयामाया नाही. "आंटी, और थोडा. बस थोडा और." अलकाताई तिला वाटेल ते बोलायच्या आणि ती गेली की उद्या कधी येणार म्हणून विचारायच्या. वॉकर गेला, काठी आली. दिवाळीत काठी हातात, संक्रांतीला काठी कोपऱ्यात. पाय सरळ झाला होता. आरशात बघताना त्यांना आपली उंची वाढल्यासारखी वाटायची.

थंडी सरता सरता एका संध्याकाळी अलकाताई बूट घालून दारात उभ्या राहिल्या. "चला," त्या म्हणाल्या. "तलावावर."

गाडीची किल्ली अरविंदरावांनी आधी फ्रिजवर, मग देवघरात, मग स्वतःच्याच खिशात शोधली.

शाहपुऱ्याला फिरायला आलेल्यांची नेहमीची वर्दळ होती. चालायला सुरुवात केली आणि पहिल्या वळणापर्यंत दोघं गप्पच. अलकाताईंना वाटलं, गेलं वाटतं ते सगळं. मग अरविंदरावांनी घसा खाकरला. "तो धाकटा बाळू आहे ना आपला," म्हणून त्यांनी भावाचा विषय काढला, आणि बांध फुटावा तसे बोलत सुटले. बाळूचं आणि त्याच्या मुलाचं पटत नाही. केतकी खूश दिसत नाही, तू विचार तिला. ऑपरेशनच्या दिवशी मी बाहेर बसलो होतो तेव्हा पेपर उलटा धरला होता, एका नर्सने सांगितलं. अलकाताई ऐकत होत्या, हसत होत्या, मधे मधे डोळे पुसत होत्या. नवा गुडघा मजेत चालत होता. कित्येक वर्षांनी त्यांना पाय आहेत हे विसरायला झालं, आणि त्या आनंदात त्यांचा वेग वाढला.

बोलणं थांबलंय हे त्यांच्या थोडं पुढे गेल्यावर लक्षात आलं. वळून पाहिलं तर अरविंदराव काठाच्या कट्ट्यावर बसले होते. एक हात कट्ट्यावर टेकलेला, छाती वरखाली होत होती.

"तू हो पुढे," ते म्हणाले. "मी येतो. जरा दम लागला."

अलकाताई परत आल्या. पूर्वी ह्याच माणसाच्या ढांगांशी जमवून घ्यायला त्यांना जवळजवळ पळावं लागायचं. आता शर्ट खांद्यावरून ढिला झाला होता. मानेच्या शिरा दिसत होत्या. श्वास, चेहऱ्याचा रंग, टेकलेल्या हाताची थरथर. त्यांचे डोळे सवयीने एकेक टिपत चालले, आणि डोक्यात कुठेतरी एक आकडा आकार घ्यायला लागला.

त्यांनी डोळे गच्च मिटले. मग त्या त्यांच्या शेजारी बसल्या, अगदी खेटून, लोक बघताहेत की नाही ह्याची पर्वा न करता.

"माझ्यामुळे झालं हे," त्या म्हणाल्या. "तुम्हाला पण मी बसवून ठेवलं."

"असू दे गं."

"असू दे नाही. उद्यापासून रोज यायचं. झेपेल तेवढंच. आणि सोमवारी डॉक्टरकडे जायचं, छाती तपासून घ्यायची, कटकट केलेली चालणार नाही."

"येईन ना. मी कुठे नाही म्हणतोय." अरविंदरावांचा श्वास हळूहळू जागेवर येत होता. त्यांनी बायकोकडे बघितलं आणि मिश्कील हसले. "काय मग, इंजिनिअरबाई? उघडून बघितलंस ना आत्ता मला? मला दिसलं. किती वर्षं देतेस, सांग."

साऱ्या आयुष्यात हा प्रश्न अलकाताईंना कितीजणांनी विचारला असेल, आणि त्यांनी प्रत्येकाला आकडा दिला होता. साहेबांना दिला, मंत्र्यांना दिला, चहाला बोलावणाऱ्यांच्या गॅलरीलाही दिला.

"नाही सांगत जा," त्या म्हणाल्या. "बाळूचं काय म्हणत होतात तुम्ही? ते अर्धंच राहिलं."

"बाळूचं ना," अरविंदराव म्हणाले, आणि उठायला त्यांनी बायकोच्या खांद्याचा आधार घेतला. "अगं, बाळूची तर मोठीच गंमत आहे."